मार्मलेडचा नवस

ढोकीत मी ज्यांच्या घरी भाड्यानं राहिले, त्यांच्या ओसरीत तुळजाभवानीच्या तसबिरीशेजारी ट्रॅक्टरच्या टायरची फुगवलेली ट्यूब टांगलेली होती. ट्यूबला पांढरा ऑइलपेंट मारलेला आणि त्यावर लाल इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं, 'एच. एम. एस. मार्मलेड'. खोली बघायला गेले तेव्हा मी विचारलं, "हे काय आहे?"

"बुडताना धरायला," घरमालक म्हणाले.

गावात नळाला आठ दिवसांनी पाणी यायचं. त्या पाण्यात कुणाला बुडायचं असतं तर आधी शेजारून चार घागरी आणाव्या लागल्या असत्या. पण ते इतक्या गंभीर चेहऱ्यानं म्हणाले की मला हसता येईना. तेवढ्यात आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "पोरी, खोली चांगली हाय. माणसाकडं ध्यान देऊ नगं."

मी खोली घेतली. शाळेत इंग्रजी शिकवायची ती माझी पहिलीच नोकरी, आणि घरी जाऊन सांगण्यासारखं रोज काहीतरी घडणार याची त्या ट्यूबनं खात्री दिली होती.

घरमालकांना सगळं गाव कप्तान म्हणायचं. मी त्यांना काका म्हणायची आणि त्यांच्या बायकोला काकू. कप्तानांनी जन्मात समुद्र पाहिलेला नव्हता. सोलापूरच्या पुढं ते कधी गेले नव्हते आणि सोलापूरलाही दात काढायलाच गेले होते. हयात सगळी साखर कारखान्याच्या यार्डात गेली, आणि मी गेले तेव्हा निवृत्त होऊन दहाएक वर्षं झाली होती. पण डावं-उजवं हे शब्द त्यांनी टाकून दिले होते. डावीकडं म्हणजे पोर्ट आणि उजवीकडं म्हणजे स्टारबोर्ड. गल्लीला त्याची इतकी सवय झाली होती की रिक्षावाला नवख्या पाहुण्याला बिनदिक्कत सांगायचा, "लिंबापासनं पोर्टला वळा, सीदा जावा." पाहुणा लिंबापाशी उभा राहून बंदर शोधायचा.

दूध तापत ठेवलं की घरात वॉच, म्हणजे जहाजावरचा पहारा, लागायचा. पहिला वॉच काकांचा. ते पाठीमागं हात बांधून, पाय फाकवून चुलीसमोर उभे राहायचे आणि नजर मात्र खिडकीबाहेरच्या क्षितिजावर ठेवायचे. दूध उतू जायचं. मग ते स्वयंपाकघराच्या दारातून जाहीर करायचे, "आदळलो, पण वेळेवर!" काकू फडकं फेकून मारायच्या आणि म्हणायच्या, "वेळेवर काय? सगळं दूध गेलं की!" 'आदळलो'चं वाक्य काकांचं ठेवणीतलं होतं. ठेच लागली, ताट पडलं, चष्म्यावर बसले, तरी तेच, "आदळलो, पण वेळेवर!" काकूंनी ते संसारात एकदाही उच्चारलं नव्हतं आणि उच्चारणार नाही अशी जणू प्रतिज्ञाच केली होती.

दिवेलागणीला ते एका जाड वहीत चार ओळी लिहायचे. मी राहायला गेले त्या दिवसाची नोंद त्यांनी मला कौतुकानं दाखवली होती. 'वारा: पश्चिमेचा. आकाश: साफ. जहाजावरील माणसे: दोन, अधिक मॅडम. समुद्र: दिसला नाही.' मागची पानं उलटली तर रोज शेवटी तेच, समुद्र दिसला नाही, समुद्र दिसला नाही. अशा वह्यांची एक ट्रंक भरली होती.

"काका, दिसणारच नाही हे माहीत असताना रोज कशाला लिहायचं?" मी विचारलं.

"मॅडम, पोरगं वर्षभर शाळंत आलं न्हाय म्हणून तुमी हजेरीतनं त्याचं नाव खोडता का?"

माझ्या आठवीच्या हजेरीत अशी तीन नावं होती.

या सगळ्याचं मूळ होतं मार्मलेड. काका तरुणपणी यार्डात लागले तेव्हा त्यांचं काम होतं उसानं भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या रांगेनं सोडायच्या आणि गव्हाणीला, म्हणजे ऊस जिथं कारखान्याच्या पोटात ओततात तिथं, नीट लावून द्यायच्या. यार्डाच्या ऑफिसात एक ट्रान्झिस्टर होता आणि त्याच्या एरियलची तार बाहेरच्या लिंबाला बांधलेली होती. एका संध्याकाळी गाणी शोधताना शॉर्ट वेव्हवर इंग्लंडचं एक स्टेशन लागलं. आधी 'धाडकन' असा मोठा आवाज झाला. मग एक माणूस अगदी शांतपणे इंग्रजीत म्हणाला, आदळलो साहेब, पण वेळेवर. आणि मग लाट आली.

तेव्हापासून दर आठवड्याला त्याच वारी, त्याच वेळी काका मॅट्रिकच्या इंग्रजीच्या जोरावर रेडिओला कान लावायचे. एच. एम. एस. मार्मलेड हे इंग्लंडच्या आरमाराचं जहाज होतं. त्यावर कॅप्टन फॉदरिंगल नावाचे अतिशय सभ्य गृहस्थ होते, ते बहुतेक वेळा झोपलेले असत. लेफ्टनंट पिम नकाशा बघायचा, पण उलटा धरून. डॉब्स नावाचा आचारी होता. एकदा पिमनं जहाज समुद्राऐवजी नदीत घातलं आणि एका म्हातारीच्या कोबीच्या वाफ्यात नेऊन लावलं. म्हातारीनं सगळ्यांना चहा केला. एकदा टेबलाला कापड नाही म्हणून डॉब्सनं जहाजाचं निशाण काढून अंथरलं, आणि बदल्यात टेबलाचं पांढरं कापड वर चढवलं, तर बाकीच्या आरमाराला वाटलं मार्मलेड शरण गेली.

मला हे ऐकून हसू आवरेना. काकांचा चेहरा उतरला.

"तुमास्नी हसू येतंय, अन् तिथं माणसं पाण्यात हाईत," ते म्हणाले. "लई बेजार माणसं हुती ती. एकालाबी धड काय जमत नव्हतं, अन् सरकारनं त्यांच्या हातात जहाज दिलेलं."

मला वाटायचं, हे सगळं त्यांच्याच डोक्यातलं आहे. एकदा मी म्हटलंही, "काका, लढाऊ जहाजाला मुरंब्याचं नाव कोण देईल?"

"आपल्याकडं ट्रकवर 'आईचा आशीर्वाद' लिवत्यात. त्यांच्याकडं मुरंबा. जिथली तिथली रीत."

इंग्लंडच्या समुद्राबद्दलही त्यांचं मत फार चांगलं होतं. "लई शहाणा समुद्र, मॅडम. माणूस बोलत आसंल तर गप ऱ्हातो. बोलणं संपलं की मग लाट येती. आपल्या ग्रामसभेत अशी शिस्त न्हाय."

यार्डात त्यांनी ही शिस्त आणली, असं जुने ड्रायव्हर मला सांगायचे. दुसरा कुणी असता तर ट्रॉली मागं घेताना शिव्याच दिल्या असत्या. काका शिटी वाजवून ओरडायचे, "मार्मलेड, हळूहळू मागं! धक्का जवळ आला!" आणि ट्रॉली गव्हाणीच्या कठड्यावर धडकली की ड्रायव्हरच केबिनमधून ओरडायचा, "आदळलो कप्तान, पण वेळेवर!" रांगेत दोन-दोन दिवस काढलेल्या माणसांना तेवढीच करमणूक.

आता यातली दुःखाची गोष्ट सांगते. हंगामाचे शेवटचे दिवस होते. त्या संध्याकाळी मार्मलेड दाट धुक्यात सापडली होती, कोळसा संपला होता आणि पिमच्या हातून नकाशा पाण्यात पडला होता. कॅप्टन पहिल्यांदाच जागे झाले होते. ते म्हणाले, मंडळी, मला काहीतरी ऐकू येतंय. तेवढ्यात एका ट्रॉलीनं मागं येता येता लिंबाची फांदी आणि तिच्यासकट एरियलची तार ओढून नेली. त्या ट्रॉलीला इशारा करायचं काम काकांचंच होतं. ते रेडिओला कान लावून बसले होते.

तार जोडायला चार दिवस लागले. पुढच्या आठवड्यात त्याच वेळी स्टेशन लावलं तर गुलाबाच्या कलमांवर भाषण चाललं होतं. मार्मलेड पुन्हा कधीच लागली नाही.

तार तुटली त्याच संध्याकाळी काकांनी तुळजापूरच्या दिशेला तोंड करून हात जोडले आणि नवस बोलले, आई, जहाज धक्क्याला लागू दे, तुझ्या दारात त्यांचा गोंधळ घालीन. इथवर ठीक होतं. पण काकांचं लग्न होऊन तेव्हा महिनाही झाला नव्हता. लग्नानंतर जोडीनं तुळजापूरला जाऊन गोंधळ घालायचा, ही त्यांच्या घरची रीत. आणि काका नवसाच्या भरात पुढं म्हणून गेले, आधी त्यांचा घालीन, मग आमचा.

त्याला पंचेचाळीस वर्षं होत आली होती. जहाज पोचल्याची खबर नाही म्हणून त्यांचा गोंधळ नाही, आणि त्यांचा नाही म्हणून काकूंचा नाही. नवस अर्धवट ठेवून देवीला तोंड कसं दाखवायचं म्हणून काका तुळजापूरला पाऊलच टाकत नसत. काकू शेजारणींबरोबर जायच्या, एकट्या ओटी भरून यायच्या. तुळजापूर इथून धाराशिवला गाडी बदलली की आलंच.

"माझी सवत इंग्लंडात हाय," काकू मला भाकरी थापता थापता म्हणाल्या होत्या, "अन् ती लोखंडाची हाय."

त्या हे हसून सांगायच्या. पण त्या वर्षी गुडघ्यांनी फारच त्रास द्यायला सुरुवात केली. सोलापूरच्या डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली. तारीख हातात आल्यावर एका दुपारी काकू काकांना म्हणाल्या, "त्याआधी एकदा जोडीनं जाऊन येऊ. देवळाच्या पायऱ्या मला पुन्यांदा उतरायला येत्यात का न्हाय, कुणाला ठावं."

काकांनी ट्यूबकडं पाहिलं. मग हळूच म्हणाले, "मार्मलेडची खबर आल्याबिगर?"

काकू भिंतीकडं तोंड करून पडून राहिल्या. मला त्या दिवशी काकांचा मनापासून राग आला. विक्षिप्तपणा दुरून पाहायला बरा असतो, पण त्याच्याशी संसार करणाऱ्या बाईचं काय, असा तो राग होता. त्याच तिरमिरीत मी गच्चीवर गेले, कारण मोबाईलला रेंज तिथंच यायची, आणि त्या मुरंब्याच्या जहाजाचं नाव टाकलं. काही सापडणार नाही आणि मग खाली जाऊन काकांना चार शब्द सुनवायचे, असा माझा बेत होता.

पण मार्मलेड सापडली.

ती खरोखरच होती. म्हणजे जहाज नव्हतं. तो रेडिओवरचा विनोदी कार्यक्रम होता. जुन्या कार्यक्रमांच्या कुणा शौकिनानं त्याचे भाग जपून ठेवले होते आणि एक फोटोही होता. एका हॉलमध्ये चार माणसं सुटाबुटात, हातात कागद घेऊन माईकसमोर उभी. मागं एक टकलू गृहस्थ पत्र्याच्या टबातल्या पाण्यात हात घालून बसलेले, आणि शेजारी भंगारानं भरलेली पेटी, 'धाडकन'साठी. समोर खुर्च्यांवर प्रेक्षक, पोट धरून हसणारे. मी एक भाग लावला. पिम काहीतरी बोलला आणि हॉल खदखदून हसला. शॉर्ट वेव्हच्या खरखरीतून, वरखाली होणाऱ्या आवाजातून ते हसणं ढोकीपर्यंत येताना कसं येत असेल ते मला एकदम कळलं. शहाणा समुद्र तो हाच.

खाली येऊन मी आधी काकूंना फोटो दाखवला. त्या पदर तोंडात कोंबून इतक्या हसल्या की खाटेचा आवाज व्हायला लागला. मग एकदम थांबल्या.

"त्यास्नी सांगू नगं," त्या म्हणाल्या. "मोडून पडंल माणूस. जहाज पोचलं, एवढंच सांग."

"सांगू?"

त्या तसबिरीकडं बघत बसल्या. ऑपरेशनची तारीख आठवड्यावर आलेली. एका खोट्या वाक्यानं त्यांचं काम होणार होतं.

"न्हाय," शेवटी त्या म्हणाल्या. "आईच्या नवसात खोटं नगं. जे हाय ते त्यांच्या कानानं ऐकू दे. म्होरचं आई बघून घेईल."

काका बाजारातून आले. मी त्यांना ओसरीत बसवलं, मोबाईल समोर ठेवला आणि मार्मलेडचा शेवटचा भाग लावला. धुकं होतं, कोळसा संपला होता. नकाशा पडला. काका पुढं झुकले. कॅप्टन म्हणाले, मंडळी, मला काहीतरी ऐकू येतंय. इथं काकांनी डोळे मिटले आणि आपसूक लिंबाच्या दिशेला एक हात वर केला, पंचेचाळीस वर्षांपूर्वी करायचा राहिलेला इशारा असावा तसा.

तार तुटली नाही. कॅप्टनना ऐकू आला होता तो बंदरावरच्या बँडचा आवाज. पिम म्हणाला, साहेब, उजवीकडं वळू का? आचारी म्हणाला, आधी डोळे उघड. आणि धाडकन! मार्मलेड धुक्यातून येऊन थेट बंदरावरच्या चहाच्या हॉटेलात घुसली. पिम शांतपणे म्हणाला, आदळलो साहेब, पण वेळेवर. आणि सगळा हॉल हसला. किती वेळ हसत होता! टाळ्या, शिट्ट्या, एका बाईचं किंचाळून हसणं, सगळं स्वच्छ ऐकू आलं. त्याला लाट म्हणणं आता शक्यच नव्हतं.

काकांनी डोळे उघडले.

"ही माणसं हाईत," ते म्हणाले.

"हो, काका."

"हसालेत."

"हो."

"म्हंजी म्या जी लाट म्हणत हुतो..."

मी मान हलवली आणि त्यांना फोटो दाखवला. त्यांनी चष्मा पुसून तो खूप वेळ पाहिला. काकू दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. मला वाटलं, हे मी काय करून बसले. पंचेचाळीस वर्षं माणसानं ज्यांची काळजी केली ती माणसं सुटाबुटात कागद वाचत होती, आणि हे सांगायला मी कोण लागून गेले?

काकांनी टबावर बोट ठेवलं. "ह्यात किती पाणी आसंल?"

"दोन-तीन बादल्या."

"म्हंजी आपल्यापरीस जास्तच." मग विचारलं, "ह्यातलं कोण बुडालं न्हाय?"

"बुडणार कुठं, काका? कार्यक्रम संपल्यावर सगळे घरी जेवायला गेले असतील."

काकांनी जो श्वास सोडला तो मी विसरणार नाही. खांदे दोन बोटं खाली आले. "बरं झालं," ते म्हणाले. "लई बरं झालं. खरं पाणी असतं तर त्या पिमनं एकालाबी जित्ता ठेवला नसता." आणि मग बायकोकडं वळून, लग्नाला महिना न झालेल्या नवऱ्यासारखे लाजत म्हणाले, "आवरून ठीव. मंगळवारी आईकडं जाऊ. जहाज लागलं."

मंगळवारी आम्ही तिघं निघालो. काकांच्या एका खांद्यावर पाच ऊस होते, गोंधळाच्या चौकावर उभे करायला, आणि दुसऱ्या खांद्यावर मार्मलेडची ट्यूब. एसटीच्या कंडक्टरनं विचारलं, "ही कशाला?" काका म्हणाले, "लांबचा पल्ला हाय." तुळजापुरात काकू देवळाच्या पायऱ्या एकेक करून उतरल्या, काकांचा हात धरून. काका प्रत्येक पायरीला "हळूहळू खाली, धक्का जवळ आला" म्हणत होते आणि मागून येणारे सोलापूरचे भाविक तुंबून राहिले होते. कल्लोळ तीर्थाशी आल्यावर मी सांगितलं, इथं सगळ्या तीर्थांचं पाणी एकवटतं म्हणतात. काका थबकले. "सगळ्या? मग समुद्र कसा ऱ्हाईल?" असं म्हणून त्यांनी ओंजळभर पाणी डोळ्यांना लावलं.

गोंधळी वयस्क होता, गळ्यात कवड्यांची माळ. त्यानं चौक मांडला, पाच उसांचे शेंडे एकत्र बांधले आणि विचारलं, "नवस कुणाच्या नावानं?"

काकांनी खिशातून कागद काढला. "कॅप्टन फॉदरिंगल. लेफ्टनंट पिम. डॉब्स आचारी."

गोंधळ्यानं कागद पाहिला, काकांना पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. मी जमिनीकडं पाहिलं.

"कुठल्या गावचे?"

"विलायतेचे. जहाजावरचे."

"आईला सगळे सारखे," गोंधळी म्हणाला आणि त्यानं संबळवाल्याला खूण केली. गावोगावच्या देवांना आवतन गेलं आणि त्यांच्या पाठोपाठ त्याच चालीत, त्याच खड्या आवाजात फॉदरिंगल, पिम आणि आचाऱ्यालाही गेलं. फॉदरिंगल म्हणताना त्याची जीभ दोनदा अडखळली, पण त्यानं नाव गाळलं नाही. काका हात जोडून उभे होते आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

ते झाल्यावर गोंधळी म्हणाला, "आता घरचा. जोडा फुडं येऊ द्या."

काकूंना खाली बसता येत नव्हतं, म्हणून काकांनी ट्यूब चौकासमोर ठेवली आणि तिच्यावर नव्या कापडाची घडी अंथरली. काकू पदर डोक्यावर घेऊन पुढं आल्या, वाकल्या, आणि गुडघ्यानं दगा दिला. त्या धपकन ट्यूबवर आदळल्या, वर उडाल्या आणि पुन्हा आदळल्या. संबळ थांबलं. मी धावले, काका धावले, कुणीतरी "पाणी, पाणी" ओरडलं.

काकूंनी पदर सारखा केला. पंचेचाळीस वर्षांनी स्वतःच्या गोंधळाला बसलेली ती बाई नवऱ्याकडं बघून म्हणाली, "आदळले, पण वेळेवर."

गोंधळी हसला, संबळवाला हसला, रांगेतले भाविक काही न कळता हसले आणि मी तर हसता हसता रडायलाच लागले. काका मात्र हसले नाहीत. ते डोळे मिटून, मान किंचित कलती करून, ट्रान्झिस्टरला कान लावल्यासारखे उभे राहिले.

संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी वही काढली. मी मागं उभी राहून वाचलं. 'वारा: पूर्वेचा. आकाश: साफ. जहाजावरील माणसे: सगळी सुखरूप. समुद्र: ऐकला.'